यंत्रातील पोकर आणि खेळणाऱ्याचा हात

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत एक नियम असा आहे की, द्यूत एकाच ठिकाणी आणि अध्यक्षाच्या देखरेखीखाली चालावे. कवड्या व फासे त्यानेच पुरवावेत, त्यांचे भाडे घ्यावे, आणि कोणी ते बदलून आपले फासे मध्ये घुसडले तर त्यास बारा पण दंड करावा. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच भाग राजाचा. हा नियम वाचताना हस्तिनापूरच्या सभेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिथे डाव दुर्योधनाचा, फासे टाकणारा हात शकुनीचा, आणि धर्मराजाच्या वाट्याला काय आले, तर पण लावण्याचे स्वातंत्र्य तेवढे! कौटिल्याला ही गोष्ट पक्की ठाऊक असावी की, जुगारात खरा प्रश्न नशिबाचा नसून साधनांवर ताबा कोणाचा हा असतो.

तो प्रश्न अडीच हजार वर्षांत सुटला नाही. फाशांच्या जागी पत्ते आले, पत्त्यांच्या जागी लोखंडी नळकांडी आली, आणि शेवटी काचेच्या पडद्यावर चमकणारी पाने आली. आज ज्याला व्हिडिओ पोकर म्हणतात, त्या यंत्रासमोर बसणाऱ्या गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे ऐकले तर ते वरवर पाहता फार क्षुल्लक वाटते. पाने भराभर वाटली जात नाहीत; जिंकलेली नाणी मोजण्याचा देखावा थांबवता येत नाही; कर्कश आवाज बंद करता येत नाही; हवा तो खेळ, हव्या त्या दराने, हव्या त्या यंत्रावर मिळत नाही. मात्र या क्षुल्लक गाऱ्हाण्यांच्या मुळाशी गेले, म्हणजे अमेरिकेतील एका उद्योगाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास उलगडतो. तो इतिहास आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रारंभ न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये झाला. १८९१ साली सिटमन आणि पिट या जोडीने एक यंत्र तयार केले. त्यात पाच नळकांडी होती आणि प्रत्येकावर दहा याप्रमाणे पन्नास पत्त्यांची चित्रे होती. एक छोटे नाणे टाकावयाचे, बाजूचा दांडा ओढावयाचा, नळकांडी फिरून थांबत, आणि समोर पाच पाने दिसत. पोकर या खेळात पाच पानांच्या अशा संचाला ‘हात’ म्हणतात. आपल्याकडच्या रमीत किंवा तीनपत्तीत जसा क्रम आणि जोड यांना मान, तसाच इथेही. फक्त पायऱ्या अधिक. यंत्र स्वतः पैसे देत नसे. ते मद्यगृहाच्या फळीवर ठेवलेले असे, आणि चांगला हात पडला तर मालक एखादा प्याला किंवा सिगार देई. बक्षीस काय द्यावयाचे हे त्याची मर्जी.

आता पत्त्यांच्या कॅटात बावन्न पाने असतात हे आपण सारेच जाणतो. मग इथे पन्नासच का? दोन पाने काढून टाकलेली असत. बहुधा ती इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम असत. सर्वांत मोठा हात म्हणजे एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का. त्याला रॉयल फ्लश म्हणतात. ही दोन पाने गेली की इस्पिक आणि बदाम या दोन्ही रंगांतील तो हात कधीच लागावयाचा नाही. मोठ्या बक्षिसाच्या वाटा एका झटक्यात निम्म्या झाल्या. शिवाय प्रत्येक पान आपापल्या नळकांड्याला चिकटलेले. जी दोन पाने एकाच नळकांड्यावर असतील, ती एकत्र येणे शक्यच नाही. चित्रे कोणत्या क्रमाने बसवावयाची हे करणाऱ्याच्या हाती असल्यामुळे उरलेल्या वाटाही हव्या तशा अरुंद करता येत. दांडा ओढणाऱ्याला यातले काहीच दिसत नसे. त्याला पत्ते दिसत, आणि पत्ते म्हटल्यावर बावन्न असणारच, ही त्याची समजूत! मला तर वाटते, यंत्रावरील जुगाराचा पुढला सारा इतिहास या दोन गहाळ पानांत बीजरूपाने आहे.

त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स फे नावाचा बव्हेरियातून आलेला एक कारागीर काम करीत होता. पोकरच्या हातांचे प्रकार इतके की, यंत्राने ते आपणहून ओळखून नाणी मोजून द्यावीत हे त्या काळच्या दातेरी चाकांना जमण्यासारखे नव्हते. फे याने प्रश्नच सोपा करून टाकला. पाचाऐवजी तीन चाके आणि पत्त्यांऐवजी नाल, चौकट, इस्पिक, बदाम व घंटा अशी मोजकी चिन्हे त्याने घेतली. तीन घंटा एका ओळीत आल्या की यंत्र दहा नाणी ओकत असे. ‘लिबर्टी बेल’ या नावाने ते यंत्र प्रसिद्ध झाले आणि पुढच्या साऱ्या स्लॉट यंत्रांचा तो मूळ पुरुष ठरला. दुकानदाराची मर्जी आता मध्ये राहिली नाही. यंत्रच खेळवी आणि यंत्रच देई. फे याच्या नावावर १९०१ च्या सुमाराचे आणखी एक यंत्र सांगितले जाते. त्यात खेळाडूला काही पाने अडवून ठेवून बाकीची पुन्हा फिरविता येत. पाने राखण्याची आणि टाकण्याची ही मुभा म्हणजेच आजच्या व्हिडिओ पोकरचा आत्मा. परंतु त्या काळी तिचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यात आटोपता येईल. कायद्याचा बडगा चुकविण्यासाठी ही यंत्रे च्युइंगमच्या विक्रीची यंत्रे म्हणून मांडली गेली. चाकांवरची चेरी, संत्री, आलुबुखार ही फळे त्याच काळातली. १९३१ साली नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली आणि लास व्हेगासचे दिवस पालटले. मात्र तिथल्या जुगारगृहांत कित्येक वर्षे मान होता तो मेजावरच्या खेळांना. पुरुष पत्ते आणि फासे खेळत असता त्यांच्या बायकांनी वेळ घालवावा एवढ्यासाठी ही यंत्रे भिंतीकडेला उभी असत, असे त्या काळचे वर्णन आहे.

चित्र पालटले ते इलेक्ट्रॉनिक्समुळे. १९७० साली डेल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘पोकर-मॅटिक’ नावाचे यंत्र आणले. पुढे मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले आणि दूरचित्रवाणीचा पडदा यंत्रात बसू लागला. या बदलाचा पुरेपूर लाभ उठविला तो सी रेड या गृहस्थाने. हा १९११ साली मिसिसिपी राज्यात जन्मलेला, बोलका आणि विक्रीच्या कलेत मुरलेला माणूस. बॅली या मोठ्या कंपनीसाठी यंत्रे विकताना त्याने व्हिडिओ पोकरची कल्पना मांडली. कंपनीला तीत राम वाटला नाही. तेव्हा त्याने ते हक्क घेऊन स्वतःचा व्यवसाय थाटला. १९७९ साली त्याच्या कंपनीचे ‘ड्रॉ पोकर’ बाजारात आले, आणि १९८१ साली त्या कंपनीचे नाव इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी असे झाले. सुरुवातीच्या यंत्रांत दोन जोड्या आल्याखेरीज काहीच मिळत नसे. पुढे गुलामांची किंवा त्याहून वरच्या पानांची एक जोड आली तरी लावलेले पैसे परत देण्याची प्रथा पडली, आणि खेळ एकदम लोकप्रिय झाला. यात जिंकणे काहीच नाही. आपलेच पैसे आपल्याला मिळतात. परंतु हरलो नाही एवढे समाधान माणसाला खुर्चीवर बसवून ठेवण्यास पुरेसे होते!

या खेळाची रीत अशी. नाणी टाकून बटण दाबले की पडद्यावर पाच पाने येतात. प्रत्येक पानाखाली ते राखण्याचे एक बटण असते. जी ठेवावयाची ती राखावयाची, आणि पुन्हा बटण दाबले की टाकलेल्यांच्या जागी उरलेल्या सत्तेचाळीस पानांतून नवी येतात. पाच पाने आणि प्रत्येकाबाबत ठेवणे किंवा टाकणे हे दोन पर्याय, म्हणजे बत्तीस वाटा झाल्या. या बत्तीसांपैकी नेमकी कोणती निवडावी हे गणिताने सांगता येते. पहिल्या पाच पानांचे प्रकार पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ. पण संगणकाला एवढे मोजणे म्हणजे काहीच नाही. त्यामुळे साध्या स्लॉट यंत्रापेक्षा हा खेळ निराळा ठरला. इथे खेळाडूच्या बुद्धीला वाव आहे आणि चूक केली तर त्याचे मोल द्यावे लागते. लास व्हेगासमधील स्थानिक रहिवासी, म्हणजे नोकरदार, निवृत्त माणसे, गृहिणी, या यंत्रांकडे वळले. पाहुण्यांसाठी झगमगाट आणि गावकऱ्यांसाठी पोकर, अशी एक विभागणीच तिथे पडली. तिथल्या किराणा दुकानांतही ही यंत्रे उभी असतात.

आणखी एक गोष्ट खेळाडूच्या बाजूची होती. साध्या स्लॉट यंत्राच्या पोटात काय दडले आहे हे बाहेरून कळत नाही. पोकरच्या यंत्राबाबत नेवाडाचा नियम असा की, पडद्यावर पत्ते दाखवावयाचे तर खऱ्या कॅटात जी संभाव्यता असते तीच असली पाहिजे. गहाळ पानांचा ब्रुकलिनचा जुना कावा कायद्यानेच बंद झाला. मग कॅट खरा, पाने नीट पिसलेली आणि निवड खेळाडूची असताना मालकाचा नफा कोठून यावा? तो येतो बक्षिसांच्या तक्त्यातून. तो तक्ता पडद्यावर उघड छापलेला असतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. फुल हाउसला नऊपट आणि फ्लशला सहापट देणाऱ्या यंत्रावर निर्दोष खेळ केला तर शंभरातले ९९.५४ परत येतात. तेच आकडे सहा आणि पाच केले तर शंभरातले ९५ येतात. पाने तीच, बटणे तीच, आवाजही तोच. दोन आकडे मात्र बदललेले.

थोडे हिशेब करून पाहू. पाव डॉलरची पाच नाणी प्रत्येक डावाला, म्हणजे सव्वा डॉलर. सरावलेला माणूस तासाला सहाशे डाव सहज खेळतो. म्हणजे तासात साडेसातशे डॉलर यंत्रातून फिरतात. चांगल्या तक्त्यावर बिनचूक खेळणाऱ्याची सरासरी खोट सुमारे साडेतीन डॉलर. वाईट तक्त्यावर ती साडेसदतीस डॉलर, जवळजवळ अकरापट. हजार डाव खेळले तर वाईट तक्त्यावरचा आकडा साडेबासष्टवर जातो. म्हणजे खोट ठरविणाऱ्या गोष्टी दोन: तक्ता आणि वेग. यांपैकी तक्ता ठरविण्याचा अधिकार खेळाडूला मुळीच नाही, आणि वेगाचा आहे तो अर्धाच.

इथूनच त्या गाऱ्हाण्यांना तोंड फुटते. यंत्राच्या आत एक गुप्त यादी असते. कोणते खेळ चालू ठेवावयाचे, नाण्याचे कोणते मूल्य स्वीकारावयाचे, पाने किती वेगाने पडावीत, आवाज किती मोठा असावा, जिंकलेली रक्कम दुप्पट करण्याचा डाव द्यावा की नाही, अशा कितीतरी गोष्टी तीत असतात. ती उघडण्याची किल्ली जुगारगृहाच्या सेवकाजवळ. काही नव्या यंत्रांनी आवाजाचे आणि वेगाचे बटण खेळाडूला देऊ केले. तरी ते द्यावे की झाकावे हेही पुन्हा मालकच ठरविणार. मंदगतीने खेळून आपले पैसे पुरवून वापरू पाहणारा माणूस आणि भराभर शेकडो डाव उरकू पाहणारा माणूस, दोघेही एकाच यंत्राला शिव्या देतात, त्या यामुळेच. एकाला ते फार वेगवान, दुसऱ्याला फार रेंगाळणारे. मोठा हात लागल्यावर आकडा एकेक करून चढतो, घंटा वाजतात, संगीत सुरू होते. नवख्याला त्यात आनंद वाटतो, मुरलेल्याचा मात्र जीव मेटाकुटीस येतो, कारण तेवढ्या वेळात त्याचे पाच-दहा डाव झाले असते.

कमी नाणी लावण्याच्या स्वातंत्र्याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. एकापासून पाचापर्यंत कितीही नाणी लावा, यंत्र आडकाठी करीत नाही. पण रॉयल फ्लशचे बक्षीस एका नाण्यास अडीचशे, आणि पाच नाण्यांस मात्र चार हजार. म्हणजे नाण्यामागे आठशे. हा हात सुमारे चाळीस हजार डावांत एकदा लागतो. सहाशेच्या वेगाने तासांत मोजले तर साधारण सदुसष्ट तास! एवढी तपश्चर्या करून तो लागावा आणि तेव्हा नेमके एकच नाणे लावलेले असावे, ही कल्पनाच खेळाडूला सहन होत नाही. त्यामुळे तो नेहमी पाच लावतो. मुभा पाच प्रकारची असली तरी वापरात येते ती एकच. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस एकाच राखीव पानांवर तीन डाव, आणि नंतर दहा, पन्नास, शंभर डावही एकदम खेळण्याची यंत्रे निघाली. नाणी हाताळून बोटे काळी होत, ती पीडाही नोटा घेणाऱ्या फटीने आणि छापील पावतीने संपविली. नाणे उचलून टाकताना जो क्षणभर विचार व्हावयाचा, त्याची जागाच उरली नाही.

ताबा यंत्राच्या धन्याकडे असला म्हणजे काय होऊ शकते, याचे एक भयंकर उदाहरण नेवाडात घडले. अमेरिकन कॉइन नावाची कंपनी मद्यगृहांत आणि दुकानांत पोकरची यंत्रे चालवीत असे. १९८९ साली तपासनिसांना आढळले की, खेळाडूने जास्तीत जास्त नाणी लावली असतील तेव्हा रॉयल फ्लश पडूच नये अशी योजना त्या यंत्रांत करून ठेवली होती. ब्रुकलिनची इस्पिकची दश्शी शंभर वर्षांनी पुन्हा गहाळ झाली. फक्त या वेळी ती पाहणाऱ्याला मोजून काढता येण्यासारखी नव्हती. कंपनीचा परवाना गेला. ज्या संगणक-जाणकाराने तो कार्यक्रम लिहिला होता, त्याचा १९९० साली, न्यायालयात साक्ष देण्यापूर्वीच, गोळ्या घालून खून झाला.

उलट बाजूचे उदाहरण वीस वर्षांनंतरचे. २००९ साली लास व्हेगासमधील एका खेळाडूला एका प्रसिद्ध यंत्रात दोष सापडला. लहान मूल्याच्या नाण्यांवर मोठा हात जिंकावयाचा, मग ठराविक क्रमाने खेळ बदलून नाण्याचे मूल्य वाढवावयाचे, आणि तेच बक्षीस मोठ्या मूल्याने पुन्हा वसूल करावयाचे! हा दोष कित्येक वर्षे त्या यंत्रांत होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. तो उघडा पडण्यासाठी ‘दुप्पट करा’ ही सोय चालू असावी लागे, आणि ती चालू करून देण्याची विनंती हा गृहस्थ सेवकांनाच करी. सेवकही आनंदाने किल्ली फिरवीत, कारण मोठी रक्कम खेळणाऱ्या गिऱ्हाइकाची मर्जी राखावयाची ही तिथली रीतच. त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून लाखो डॉलर मिळविले. २०११ साली त्यांच्यावर संगणकाचा अधिकाराबाहेर वापर केल्याचा खटला भरण्यात आला. बचाव साधा होता: आम्ही फक्त बटणे दाबली, आणि ती सारी खेळाडूने दाबावीत म्हणूनच तिथे बसविली आहेत. २०१३ साली संगणकाच्या अपराधाचा आरोप फेटाळला गेला आणि पुढे सरकारने तो खटलाच मागे घेतला. यंत्राच्या दोषाचा फायदा धन्याने घेतला तर परवाना जातो, आणि गिऱ्हाइकाने घेतला तर तो तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन येतो. या दोन प्रकरणांत कायद्याने ताबा कोठे मानला आहे, ते श्रोत्यांनीच पाहावे.

परंतु खेळाडूला हवा असलेला ताबा म्हणजे तरी नेमके काय? एलेन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कचेरीतील लोकांना एकेक डॉलरची सोडतीची तिकिटे विकण्यात आली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिले, काहींच्या हाती नुसते ठेवले. पुढे ते परत विकत मागितले तेव्हा स्वतः निवडणाऱ्यांनी सरासरी ८.६७ डॉलर मागितले आणि इतरांनी १.९६. तिकिटाची किंमत आणि जिंकण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच होती. निवडले एवढ्यानेच ते तिकीट चौपट मोलाचे झाले. लँगरबाईंनी या वृत्तीला ताब्याचा भ्रम म्हटले आहे. पोकरच्या यंत्रात मात्र हा भ्रम सर्वस्वी भ्रम नाही, आणि तेथेच त्याची खरी पकड आहे. पाने राखण्याची निवड खरोखरच परिणाम घडविते. पण ती जे काही वाचवू शकते त्याची मर्यादा तक्त्याने आधीच आखलेली असते.

नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगासमधील अशा खेळाडूंबरोबर कित्येक वर्षे घालविली आणि २०१२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना जे आढळले ते विलक्षण आहे. या माणसांपैकी पुष्कळांना जिंकावयाचे नव्हतेच. त्यांना खेळत राहावयाचे होते. घर, नोकरी, देणी, आजार, सारे जिथे पुसट होते अशी एक तंद्री त्यांना लागे, आणि ती मोडणारी कोणतीही गोष्ट त्यांना नकोशी वाटे. मोठे बक्षीस लागून यंत्र थांबले, सेवक अभिनंदनाला आला, तरी त्यांना त्रास होई! आता वर सांगितलेली गाऱ्हाणी पुन्हा आठवून पाहावी. वेग हवा, आवाज नको, मोजणीचा देखावा नको. यांतली काही गाऱ्हाणी जागरूक गिऱ्हाइकाची असतात आणि काही त्या तंद्रीची. तोंडाने दोन्ही सारखीच उच्चारली जातात. मालकाला त्यांतली कोणती ऐकणे फायद्याचे, हे सांगावयास नकोच.

आपल्या देशात या प्रश्नाला निराळे वळण लागले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात बक्षिसांच्या शब्दकोड्यांसंबंधी निर्णय देताना कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद स्पष्ट केला. १९६८ साली रमीविषयीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, पडलेली पाने ध्यानात ठेवणे, कोणते राखावे आणि कोणते टाकावे हे ठरविणे यांस बुद्धी लागते. म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. राखणे आणि टाकणे यांवर तर व्हिडिओ पोकरही उभा आहे. पण रमीत समोर माणूस असतो, त्याची चूक आपल्या लाभाची ठरते. यंत्र चुकत नाही, थकत नाही, आणि समोरच्याने कितीही चांगला खेळ केला तरी त्याचा तक्ता ठरल्यापेक्षा अधिक देत नाही.

गोव्यात तर यंत्रांना माणसांच्या आधी प्रवेश मिळाला. १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक करमणुकीच्या यंत्रांना परवानगी देण्यात आली. मेजावरच्या खेळांना ती १९९६ मध्ये मिळाली, पण पाण्यावरच्या जहाजांत! मांडवीच्या पात्रात उभी असलेली रोषणाईची जहाजे हे त्या दुरुस्तीचे फळ. पत्ते हाताने वाटावयाचे तर बोटीत बसा, पडद्यावर वाटावयाचे तर जमिनीवर चालेल, असा हा न्याय. महाराष्ट्रानेही १९७६ साली जुगारगृहांच्या नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला होता. तो सत्तेचाळीस वर्षे अंमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला.

नॉर्वेत गेल्या काही वर्षांत ताबा या शब्दाचा वेगळाच अर्थ लावून पाहण्यात आला. त्या देशाने २००६ साली यंत्रांतून नोटा घेण्याची सोय बंद केली, २००७ साली खासगी मालकीची यंत्रेच उचलून टाकली, आणि पुढे सरकारी संस्थेची नवी यंत्रे बसविली. ती ओळखपत्राखेरीज चालत नाहीत, ठरलेल्या रकमेपलीकडे हरू देत नाहीत, आणि काही काळ खेळल्यावर सक्तीने विश्रांती घ्यावयास लावतात. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताने खेळाडूच्या हाती एक पत्रक दिले. त्यावर त्याने स्वतःच आपल्या पैशांची आणि वेळेची मर्यादा आखावयाची. २०१२ पासून ते सक्तीचे झाले. बटणे होती, किल्ली सेवकाकडे नव्हती, सारा अधिकार खेळणाऱ्याचा होता. मर्यादा आखण्याची ती सोय फार थोड्या लोकांनी वापरली, आणि २०१४ साली प्रांताने ती योजना गुंडाळून ठेवली.